यादवांचा मुक्काम, डब्लिन, ओहायो

देवगिरीच्या यादवांचा दरबार आमच्या घरी तीन दिवस उतरला होता, असं मी सांगायला लागलो की लोक आधी माझ्या बायकोकडे बघतात. पस्तीस वर्षांच्या ओळखीने त्यांना ही सवय लागली आहे. तिने मान हलवली तर गोष्ट खरी. तिने इथे हलवली आहे. आकडे मात्र ज्याचे त्याने आपल्या जबाबदारीवर घ्यावेत.

आमच्या इथल्या मराठी मंडळाने पुण्याहून एक नाटक बोलावलं होतं. यादवांच्या राजाचं, तीन अंकी, तलवारींसकट. आमच्याकडची रीत अशी की कलाकार हॉटेलात राहत नाहीत, सभासद त्यांना वाटून घेतात. नायिकेसाठी चार घरांत चढाओढ असते, पथ्यपाणी असलेल्या म्हाताऱ्या नटासाठी कुणीच नसतं, मग कमिटीला गोड बोलून तो कुणाच्या तरी गळ्यात मारावा लागतो. या वेळी आठ माणसं चार घरांत जायची होती. पण त्याच आठवड्यात गावात फ्लू शिरला, तीन यजमान कुटुंबासह आडवे झाले, आणि मीटिंगमध्ये मी बोलण्याच्या भरात म्हणालो की आमच्या बेसमेंटमध्ये राजा हत्तीसकट राहील. बायको शेजारीच होती. तिने टेबलाखाली माझा पाय दाबेपर्यंत ठराव टाळ्यांनी मंजूर झाला होता.

गुरुवारी दुपारी, अल्फारेटा गावचा प्रयोग आटोपून, दरबार भाड्याच्या व्हॅनमधून आला. आठ माणसं आणि एकोणीस बॅगा. राजा, राणी, प्रधान, सेनापती, राजकवी, दोन सरदार, आणि या सगळ्यांवर राज्य करणारी दिग्दर्शिका, जिला सगळे ताई म्हणत. राजा सत्तरी ओलांडलेला, रंगभूमीवर पन्नास वर्षं काढलेला माणूस. कंपनी त्याला दादा म्हणायची. आवाज असा की त्याने खाली डायनिंग टेबलवर मीठ मागितलं की वरच्या मजल्यावरचा स्मोक अलार्म वाजायचा. प्रधान पंचेचाळिशीचा, देखणा, आणि त्याला राजा व्हायचं आहे हे आख्ख्या दरबाराला माहीत होतं. राजाची भूमिका त्याला तोंडपाठ होती म्हणे. नाश्त्याला तो राजाच्या डाव्या हाताला बसायचा, त्याला चटणी वाढायचा, आणि नजर मात्र चटणीवर नसून खुर्चीवर असायची. निदान मला तरी तसं दिसलं.

पहिल्याच दिवशी आमचं घर घर राहिलं नाही, राजधानी झालं. आंघोळीचा क्रम दर्जाप्रमाणे ठरला. राणीने वरची बाथरूम घेतली म्हणून सेनापती रुसला आणि गॅरेजमध्ये जाऊन तलवारी पुसत बसला. राजकवी फोनवर मुलीशी बोलायला म्हणून माझ्या अभ्यासिकेत शिरला तो जेवायलाच बाहेर आला. बायको म्हणाली, माझ्या माहेरी लग्न होतं तेव्हासुद्धा एवढा चहा झाला नव्हता.

आता जॅकेटांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यांनीच घातला.

दोन वर्षांपूर्वी एका दुकानाने काळी, फुगीर, गुडघ्यापर्यंतची थंडीची जॅकेटं अर्ध्या किमतीत काढली होती. ते कुणीतरी आमच्या ग्रुपवर टाकलं, आणि संध्याकाळच्या आत सगळ्या मंडळाने ती जॅकेटं उचलली. काहींनी दोन दोन घेतली, त्यांत आम्हीही होतो. त्या रविवारी देवळाच्या पार्किंगमध्ये असं वाटलं की पेंग्विनांचं वार्षिक अधिवेशन भरलंय. नवरे दुसऱ्यांच्या बायकांच्या मागे चालू लागले. आणि पुण्याहून आलेला दरबार अर्थातच शाली आणि हाफ स्वेटरवर आला होता, म्हणून मंडळाने त्यांनाही हीच जॅकेटं उसनी दिली. राजाला माझं दुसरं मिळालं.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे स्वागताचं पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा. साठ माणसं आली. आमच्याकडे पार्टीला चपला गॅरेजमध्ये आणि कोट वरच्या खोलीतल्या पलंगावर, असा शिरस्ता आहे. त्या दिवशी त्या पलंगावर एवढी काळी जॅकेटं चढली की ढीग छताच्या पंख्याला टेकला. जाताना प्रत्येकाने वरचं उचललं. कोण कशाला बघतं?

शनिवारी पहाटे मी चहा टाकायला खाली आलो तर राजा स्वयंपाकघरात, दिवा न लावता, ओट्याला धरून उभा. मला वाटलं छातीत दुखतंय. मी लगेच खुर्ची ओढली. तो बसला नाही.

"तुमचं जॅकेट," तो म्हणाला. "मी काल वर पलंगावर ठेवलं. आता जे आहे ते माझं नाही."

मी हसलो. म्हटलं, आमच्या गावात कुणाचंच जॅकेट कुणाचं नसतं, काळजी करू नका.

"त्याच्या आतल्या खिशात माझी वही होती."

मग त्याने सांगितलं, आणि एवढ्या हळू की त्या आवाजाचा तो माणूस असेल असं वाटेना. गेले काही महिने त्याला संवाद आठवत नव्हते. घरी आठवायचे, आंघोळीत आठवायचे, रंगमंचावर दिवा पडला की जायचे. म्हणून त्याने सगळी भूमिका मोठ्या अक्षरांत एका वहीत उतरवली होती. कुठे उठायचं, कुठे वळायचं, कुणाकडे बघितलं की पुढचं वाक्य सापडेल, सगळं समासात. प्रयोगाच्या आधी दोन तास ती वही तो एकटा वाचायचा. त्या जोरावर पाच प्रयोग झाले होते.

"अल्फारेटाला वाचायला वेळ मिळाला नाही," तो म्हणाला. "तिसऱ्या अंकात मी कोण तेच आठवेना. राजा आहे हे आठवत होतं, कपड्यांवरून. कुठला, ते नाही."

मी म्हटलं, ताईंकडे नाटकाची प्रत असेलच, ती मागू. तर त्याने माझा दंड धरला. ताईला कळलं तर ती आजच भूमिका काढून घेईल. ती वाईट नाही, पण तिच्यापुढे अजून सहा गावं आहेत. आणि प्रधानाला तर मुळीच कळता कामा नये. तो तयारच बसलाय. पन्नास वर्षांनंतर दुसऱ्याच्या देशात, एका आजारी माणसासारखं व्हॅनमध्ये मागे बसून उरलेली गावं फिरायची, हे त्याला नको होतं. प्रयोग त्याच दुपारी चार वाजता होता.

माझ्याजवळ गुपित ठेवणं म्हणजे काय, हे आमच्या गावात विचारा. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पोटापर्यंत तर तो पोचतच नाही. पण त्या पहाटे मी शब्द दिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा पाळला. चौदा तास. मला ते चौदा वर्षांसारखे गेले.

मी ग्रुपवर लिहिलं की काल जॅकेटांची अदलाबदल झाली आहे, सगळ्यांनी आतला खिसा बघावा. लगेच कुणीतरी विचारलं, खिशात काय होतं काका? आता काय सांगू? मी लिहिलं, दादांचं एक औषध.

ही माझी चूक. आमचं मंडळ म्हणजे निम्मे इंजिनियर आणि निम्मे डॉक्टर. तीन मिनिटांत चार हृदयरोगतज्ज्ञांचे फोन आले. कुठलं औषध, किती मिलिग्रॅम, शेवटचा डोस कधी, छातीत धडधडतंय का. एका निवृत्त डॉक्टरकाकांनी तर प्रिस्क्रिप्शन पाठवूनसुद्धा दिलं, नाव मोकळं सोडून, तुम्हीच भरा म्हणून. आणि जॅकेटांचं म्हणाल तर बावीस जणांनी कळवलं की माझंही माझं नाही. प्रत्येकाकडे तिसऱ्याच कुणाचं होतं. जो तो आपापलं परत मागू लागला, आणि कुणाकडे कुणाचं आहे हे सांगणारा एक तक्ता आमच्या एका इंजिनियरने नाश्त्याआधी तयार करून पाठवला. त्यात बाण एवढे होते की तो गनिमाच्या स्वारीचा नकाशा वाटत होता.

मी राजाला गाडीत घातलं आणि निघालो.

थंडी अशी होती की मेलबॉक्ससुद्धा तोंड उघडायला तयार नव्हता. राजा शेजारी, उसन्या जॅकेटात, त्यावर राणीची शाल. आम्ही डब्लिनमधली नऊ घरं केली. जुन्या काळी राजे राज्यात फिरायचे, जिथे उतरतील तिथे रयत नजराणे घेऊन यायची, असं शाळेत वाचलं होतं. ते मी त्या सकाळी डोळ्यांनी पाहिलं. पहिल्या घरी पोहे. दुसऱ्या घरी, नाही म्हटलं तरी, उपमा. तिसऱ्या घरच्या काकू म्हणाल्या, औषध रिकाम्या पोटी घ्यायचं नसतं, आणि थालीपीठ वाढलं. चौथ्या घरी त्या निवृत्त डॉक्टरकाकांनी राजाला सोफ्यावर बसवून नाडी धरली, रक्तदाब घेतला आणि जाहीर केलं की प्रकृती त्यांच्यापेक्षा बरी आहे. राजाने हे सगळं अशा शांतपणे सोसलं की मला त्याचा अभिमान वाटला. एका घरात एक छोटी मुलगी जिन्यावरून ओरडली, "मॉम, द किंग इज इन अवर किचन," आणि राजाने तिला वाकून मुजरा केला.

खिसे मात्र मी मनापासून पाहिले. आख्ख्या मंडळाचे. देवळातल्या पावत्या, हॉटेलातले सॉसचे पुडे, लवंगा, एकाच पायाचा मोजा. डाएटवर असल्याचं गेलं वर्षभर सांगणाऱ्या आमच्या अध्यक्षांच्या खिशात दोन चकल्या आणि अर्धी करंजी. मी ते सगळं तसंच ठेवलं. ज्या विद्यार्थ्याच्या जॅकेटात त्याच्यासारखे दोन विद्यार्थी मावले असते, त्याच्या खिशात मला माझाच चष्मा सापडला, जो मी पंधरा दिवस शोधत होतो. वही कुठेच नाही.

आठव्या घराकडून आम्ही नवव्या घराकडे निघालो. मी वेळ घालवायला माझ्या हिमवादळाच्या गोष्टी सांगत होतो, ज्यांत बर्फ दरवर्षी एक फूट वाढतो. त्याने मधेच विचारलं, "तुम्ही एवढ्या गोष्टी सांगता, विसरत नाही?"

मी खरं सांगितलं. म्हटलं, विसरलो की मी नवीन घालतो. माझं कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

तो हसला नाही. म्हणाला, माझं लिहून ठेवलेलं असतं, तीच पंचाईत आहे.

बारा वाजून गेले तेव्हा मी गाडी घराकडे वळवली. मनात म्हटलं, आता ताईंना सांगण्यावाचून इलाज नाही, आणि ते मलाच सांगावं लागणार. राजाने डोळे मिटून घेतले होते. ओठ हलत होते. दोन वाक्यं पुढे जायची आणि थांबायची.

आमच्या ड्राइव्हवेवर प्रधान बर्फ काढत होता. जन्मात पहिल्यांदा. फावडं असं चालवत होता की जणू खाली खजिना पुरलाय, आणि काढलेला सगळा बर्फ इमानाने शेजाऱ्याच्या बाजूला टाकत होता. अंगात काळं जॅकेट. बाही आखूड. त्या बाहीवर गेल्या दिवाळीत माझ्याच फुलबाजीने पडलेलं भोक होतं. मी आख्खं डब्लिन पालथं घातलं होतं, आणि माझं जॅकेट माझ्या दारात घाम गाळत होतं.

मी गाडी थांबवली. राजा उतरला. प्रधानाने त्याला पाहिलं, फावडं बर्फात रोवलं, आणि आतल्या खिशातून वही काढून पुढे केली. निळ्या पुठ्ठ्याची, शाळेतल्या वहीसारखी.

"वाचलीस?" राजाने विचारलं.

"पहिल्या पानावर लिहिलंय, दुसऱ्याने वाचू नये," प्रधान म्हणाला. "म्हणून बाकीची सगळी वाचली."

मला वाटलं, आता तलवारी निघणार. मी आपला व्हॅनच्या आडोशाला सरकलो, पण ऐकू येईल एवढाच.

राजाने विचारलं, ताईला दाखवलीस का. प्रधान म्हणाला, ताई सकाळपासून फोनवर आहे, ती तुमच्या औषधाचं काहीतरी बोलतेय, मला काही कळत नाही. आणि दाखवायचं काय त्यात? अल्फारेटालाच माझ्या लक्षात आलं होतं. तुम्ही अडकलात की माझं पुढचं वाक्य अडकतं. माझ्याइतकं कुणाला कळणार?

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? मला राजा करायचाय हे काय लपलंय, दादा? मी तोंड उघडलं असतं तर सगळे म्हणाले असते, हा टपलाच होता." त्याने नाक पुसलं. "मला तो करायचाय. पण तालमी करून, पोस्टरवर नाव घालून. तुम्हाला रस्त्यात टाकून नाही."

राजा वहीचं पहिलं पान उघडून बघत राहिला. आपलंच अक्षर आहे का याची खात्री करावी तसा. मग म्हणाला, बर्फ आमच्या यजमानांच्या शेजाऱ्याकडे टाकतोयस, गाढवा. आणि दोघे आत गेले. बेसमेंटमध्ये. दार लावून. दोन तास वरपर्यंत त्यांचे आवाज येत होते, एक मोठा, एक त्याला धरून चाललेला. मी शेजाऱ्याच्या दारातला बर्फ उपसून परत आमच्या बाजूला आणला.

प्रयोग हायस्कूलच्या सभागृहात होता. चारशे माणसं. मी सांगतोय म्हणजे तीनशे धरा. पहिले दोन अंक राजा असा बोलला की मागच्या रांगेतल्या खुर्च्यासुद्धा सरळ झाल्या. मी विंगेत होतो. मंडळाचा माणूस म्हणून मला पडदा ओढायचं काम होतं. तिसऱ्या अंकात शत्रू गडाच्या पायथ्याशी आलाय, राजा सिंहासनावरून उठतो आणि शेवटची आज्ञा देतो, असा प्रसंग. राजा उठला. दोन पावलं पुढे आला. आणि थांबला.

मला ते थांबणं कळलं. बाकी कुणाला कळलं नाही. प्रधान त्याच्या जवळ सरकला आणि नाटकात नसलेलं वाक्य बोलला, "महाराज, उत्तर दरवाजाविषयी आज्ञा?" राजाने त्याच्याकडे पाहिलं. काही नाही. प्रधानाने परत विचारलं, या वेळी वाक्याचा अर्धा भाग घालून. राजाचे डोळे तसेच, रिकामे. माझ्या हातात पडद्याची दोरी होती आणि मी ठरवलं की आणखी दहा मोजायचे आणि ओढून टाकायची. सातपर्यंत मोजलं.

तेवढ्यात राजाने प्रधानाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या सगळ्या आवाजानिशी, पण सावकाश, म्हणाला:

"प्रधानजी, आम्ही थकलो. आमची आज्ञा तुम्ही सांगा. आम्ही ती देऊ."

प्रधान एका गुडघ्यावर बसला. त्याने पहिलं वाक्य हळूच सांगितलं, राजाने ते सभागृहाला दिलं. दुसरं सांगितलं, दिलं. तिसऱ्या वाक्याला राजा प्रधानाच्या आधी पोचला. चौथ्यापासून पुढे प्रधान नुसता ऐकत होता. सभागृहात एक मूल खोकलं असेल तेवढंच. मी दोरी सोडली तेव्हा तळहातावर तिचा वळ उमटला होता.

नंतर लॉबीत आमच्या अध्यक्षांनी मला समजावलं की राजाची आज्ञा प्रधानाच्या तोंडून येते, यात दिग्दर्शिकेने सत्तेचं फार खोल भाष्य केलंय. मी मान डोलावली. त्यांच्या खिशात काय आहे हे मला माहीत होतं, पण मी बोललो नाही. त्या दिवशी मी फारच सुधारलो होतो.

जेवायला सगळे आमच्या टेबलाभोवती बसले. बायकोने मुगाची खिचडी टाकली होती, त्यावर तूप. दोन घास झाले आणि ताईंनी चमचा खाली ठेवला. म्हणाल्या, दादा, आता खरं सांगा, कसलं औषध? सकाळपासून त्यांना अकरा डॉक्टरांचे फोन आले होते, त्यातला प्रत्येक जण वेगळ्या आजाराची चौकशी करत होता. मी ताटात बघत खिचडी खाल्ली. माझ्या बायकोने माझ्याकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं.

राजाने वही टेबलावर ठेवली आणि सांगितलं. सगळं. अल्फारेटाचं, अंधाऱ्या स्वयंपाकघराचं, आजच्या तिसऱ्या अंकाचं.

ताई एवढ्या जोरात रडू लागल्या की सेनापतीने घाबरून पाणी सांडलं. डोळे पुसत म्हणाल्या, "एवढंच? अहो, मला वाटलं तुमचं हृदय गेलं. मी प्रयोगात मागे बसून तुमच्या घरी काय सांगायचं ते जुळवत होते."

मग त्या पुन्हा दिग्दर्शिका झाल्या. आजचं ते प्रधानजी आज्ञा सांगा प्रकरण परत करायचं नाही, एकदा चाललं, दुसऱ्यांदा नाटकी होईल. प्रधान पुढच्या प्रयोगापासून दोन पावलं जवळ उभा राहणार. वही सगळ्यांनी वाचायची, सरदारांनीसुद्धा. आणि पुण्याला पोचल्यावर डॉक्टर, त्या स्वतः बरोबर जाणार, त्यात चर्चा नाही. राजाने विचारलं, आणि भूमिका? ताई म्हणाल्या, भूमिका तुमचीच, हिवाळ्यानंतर बघू, तेव्हा तुम्हीच सांगा मला. राजाने प्रधानाकडे पाहिलं. मग त्याने आणखी खिचडी मागितली. वरचा स्मोक अलार्म वाजला. बायको म्हणते तो भाकरी करपल्यामुळे वाजला. खिचडीबरोबर भाकरी कोण करतं?

रविवारी सकाळी दरबार पुढच्या प्रयोगासाठी नेपरव्हिलला निघाला. सहा तासांचा रस्ता. राजा पुढच्या सीटवर, काच खाली केलेली, थंडी असूनही. वही मांडीवर उघडी, आणि तो मोठ्याने म्हणत होता, आमच्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. समोरचा शेजारी कुत्र्याला घेऊन थांबला आणि ऐकू लागला. व्हॅन मागे घेताना राजा एका वाक्यावर अडला. आतून राणी, कवी, सेनापती, दोन्ही सरदार, प्रधान आणि गाडी चालवणाऱ्या ताई, सगळे एकदम ते वाक्य ओरडले. राजा वळून म्हणाला, एकेकाने सांगा, मी बहिरा झालेलो नाही. आणि गाडी वळणावरून जाईपर्यंत आतून कुणीतरी चूक सांगत होतं आणि कुणीतरी ती सुधारत होतं.